मुख्य अर्जदार गेल्यावर

मृणाल, काल मी ऑस्ट्रेलियाला कळवलं की तू गेलीस.

वाक्य मनात आलं आणि मलाच हसू फुटलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अख्ख्या देशाला कळवलंस?" निपाणीच्या आत्याला अजून नीट काही सांगता आलेलं नाही. तुझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे फोन मी उचललेले नाहीत. पण ऑस्ट्रेलियाला कळवलं, कारण कळवावं लागतं. आपल्या व्हिसाचा एजंट दोनदा फोन करून आठवण करून देत होता. चांगला माणूस आहे, आवाज अगदी खाली घेऊन बोलत होता. "सर, परिस्थितीत बदल झाला असेल तर कळवणं कंपल्सरी असतं." मी म्हटलं, "हो, झालाय."

ईराने तुझं खातं उघडून दिलं. वर तुझं नाव, त्याच्यापुढे 'मुख्य अर्जदार'. खाली आम्ही दोघं बापलेक, दुय्यम. काय बदललं ते निवडायचं होतं. पत्ता, नोकरी, लग्न, मूल, आणि त्यातच कुठेतरी मृत्यू, जणू तोही पत्ता बदलण्याचाच एक प्रकार. माझा हात तिथपर्यंत जाऊन थांबला. ईराने माउस माझ्या हातून काढून घेतला आणि तिनेच क्लिक केलं. सतरा वर्षांची पोर. आईच्या नावापुढे ते तिला निवडावं लागलं आणि मी शेजारी नुसता बसून होतो.

गेले काही दिवस मी नुसता बसूनच असतो. आपली घरमालकीण जयम्मा वरती डबा घेऊन येते आणि "स्वल्प तरी खा" म्हणत उभी राहते. थोडं खाल्लं की "सरी, सरी", बरं बरं, म्हणून जाते. तुझ्या वाटणीचंही आणते अजून. सवयीने आणत असेल. तिला मी सांगत नाही.

लोक भेटायला येतात तेव्हा मला तुझ्याबद्दल बोलावं लागतं. पुलांची इंजिनिअर होती, पुण्याची, एवढंच सांगतो. त्यांना काय सांगू की इथे बंगळूरला, हेब्बाळच्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर बसून तू परक्या देशातल्या नद्यांवर पूल टाकत होतीस? त्या एका लहान गावातल्या नदीच्या तळाला कुठे वाळू आहे, कुठे खडक लागतो, हे तुला पाठ होतं. पुराचं पाणी कुठवर चढतं, तेही. नदी मात्र तू कधी पाहिली नव्हतीस. आपल्या हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर तासभर अडकून घरी यायचीस आणि लॅपटॉप उघडून त्या गावाचा नकाशा मला दाखवायचीस. "माधव, ही शाळा. मुलं पलीकडून येतात, लांबचा वळसा घालून. पूल झाला की सरळ येतील."

मी म्हणायचो, "एवढंच असेल तर टुरिस्ट म्हणून जाऊन ये. पूल बघ, फोटो काढ, परत ये."

"पाहुणी म्हणून नाही बघायचा मला. मला साइटवर उभं राहायचंय. इतकी वर्षं पूल काढतेय, एकाच्याही पायाशी उभी राहिले नाही. इथे मला कोण साइटवर पाठवणार? आमच्या ऑफिसचं कामच स्क्रीनवरचं."

मग मी दुसरीकडून भांडायचो. माझी नोकरी आनेकलला, ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला. तिकडे माझ्या डिप्लोमाला कोण विचारणार? ईराची शाळा, निपाणीला माझी आई, आणि हे घर. आनेकलला आणि हेब्बाळला जाताना दोघांनाही सारखाच त्रास व्हावा म्हणून मधोमध कोरमंगलात शोधलेलं. आजूबाजूला सगळे पीजी झाले, पोरंपोरी आली, हॉटेलं आली, तरी जयम्माने आपलं भाडं फारसं वाढवलं नाही. "असं माणूस तिकडे मिळेल?" मी विचारायचो. तू म्हणायचीस, "तिकडेही कुणीतरी जयम्मा असेलच की."

आपलं ते भांडण कधीच संपलं नाही. भाजी निवडताना सुरू व्हायचं, ईरा "झालं का तुमचं परत?" म्हणाली की थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू व्हायचं. गंमत म्हणजे भांडत असतानाही तू मला व्हिसाच्या पॉइंटांचा हिशोब समजावून सांगायचीस. शिक्षणाला इतके, अनुभवाला इतके, इंग्रजीला इतके. वय वाढलं की कमी. तुझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर तू सुरी चाटत म्हणालीस, "आज सकाळी उठले आणि दहा पॉइंट गेले. कालच्यापेक्षा आज मला काय कमी येतं रे?" ईरा हसली. मी हसलो नाही, कारण तू विनोद करत नव्हतीस.

मग कळलं की नवऱ्याला इंग्रजी येत नसेल तर त्याचे काही मिळत नाहीत, पण माणूस एकटा असेल तर त्याला मिळतात.

"म्हणजे मी नसतो तर तुझे जास्त झाले असते?"

"केव्हाच पोचले असते," तू म्हणालीस आणि खो खो हसत सुटलीस. माझा चेहरा बघून आणखीनच. मग पोळी लाटायचं सोडून आलीस आणि पिठाच्या हातांनी माझे गाल धरलेस. "अरे, नको आहेत मला ते पॉइंट."

मृणाल, त्या पिठाचा कोरडा खरखरीतपणा अजून गालावर आहे. आता एकटा मी आहे, आणि याचे पॉइंट कुठे मिळतात ते मला माहीत नाही.

तुला जायचं होतं आणि मला जायचं नव्हतं. तरीही मी इंग्रजीच्या परीक्षेला बसलो. का बसलो ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तुझे पॉइंट कमी पडले तर तुझ्यामुळे पडोत, माझ्यामुळे नकोत, एवढंच होतं. कन्नड शाळेत शिकलेला, घरी मराठी बोलणारा, कारखान्यात हिंदी-कन्नडची मिसळ करणारा मी, पंचेचाळिशी ओलांडल्यावर वर्कबुक घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागलो. तू परीक्षक व्हायचीस. कुकरकडे पाठ करून, चष्मा नाकावर घेऊन, गंभीर आवाजात विचारायचीस. मी अडखळायचो. व्याकरण आठवताना बोलायचं विसरायचो.

एकदा तू विचारलंस, तुमच्या गावाविषयी सांगा. मी निपाणीविषयी बोलायला लागलो. तंबाखूच्या वखारी, दुपारच्या उन्हात गल्लीभर पसरलेला तो उग्र वास, शिंकत शाळेत जाणारी आम्ही मुलं, वखारीत काम करून आलेल्या आईच्या लुगड्याचा वास, तो वास नसेल तर झोप न येणारा धाकटा भाऊ. चुकतमाकत, पण बोलत गेलो. थांबलो तेव्हा तू चष्मा काढला होतास. "हे तू मला मराठीत कधीच सांगितलं नाहीस," तू म्हणालीस. खरंच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून जे तुला सांगायचं राहिलं होतं ते परक्या भाषेच्या परीक्षेपायी सांगून झालं. त्या परीक्षेचे माझ्यावर उपकारच आहेत म्हणायचे.

मी पास झालो. तू मला कारखान्याच्या गेटवर घ्यायला आलीस, हेब्बाळहून आनेकल, सगळं शहर ओलांडून. गेटवरच्या वॉचमनला पेढा दिलास. काही आठवड्यांनी त्या देशाचं आमंत्रण आलं, अर्ज करा म्हणून. त्या दिवशी तू घरात अनवाणी नाचलीस आणि खालून जयम्माने काठीने छत ठोकलं.

मग मेडिकल आलं.

ठरवून दिलेल्या दवाखान्यात आपण तिघं गेलो. तुला साधा खोकलाही नव्हता. ईराला एक्स-रेच्या निळ्या गाउनमध्ये बघून तू फोटो काढलास. आपल्या तिघांचा एक्स-रे झाला, आपण बाहेर येऊन कॉफी मागवली, आणि आतली मुलगी येऊन म्हणाली, "मॅडम, तुमचा एक परत काढायचाय." तू मला पर्स दिलीस आणि आत गेलीस. कॉफी गार होत होती. मला वाटलं, श्वास रोखायला विसरली असेल.

डाग होता. पुढे सगळ्या तपासण्या झाल्या आणि त्या डागाला नाव मिळालं. मृणाल, मी तंबाखूच्या गावचा. माझी आई त्या वखारीत राबली, माझे काका आयुष्यभर बिड्या ओढत राहिले आणि म्हातारे होऊन गेले. आणि डाग तुझ्या फुप्फुसात, जिने कधी सुपारीही खाल्ली नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "असं कसं?" ते म्हणाले, "होतं असं. कारण सांगता येत नाही." मग मला धीर द्यायला म्हणाले, "एक्स-रे निघाला म्हणून लवकर सापडलं. एरवी कळलंच नसतं. नशीबवान आहात."

मी त्या शब्दाला धरून राहिलो. दवाखान्यातून घरी येताना रिक्षात तुला म्हटलं, "बघ, तुझ्या व्हिसाने वाचवलं." तू बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "हो. आणि आता व्हिसा जाईल."

जाईल की नाही हे कुणालाच सांगता येईना. एजंट म्हणाला, तिकडे हिशोब होतो, आजारी माणसावर किती खर्च येईल याचा. घरातला एक नापास झाला की सगळे नापास. पण आत्ता वेळ मागून घेता येईल, उपचार संपेपर्यंत. तू शांतपणे ऐकलंस आणि घरी आल्यावर म्हणालीस, "मी अर्ज मागे घेते."

तेव्हाचं आपलं भांडण आठवतं ना? सगळं उलटं झालं होतं. जायला नको म्हणणारा मी, तुझ्यापुढे हात जोडून उभा होतो.

"मागे घेऊ नकोस."

"का? तुला तर सुटल्यासारखं वाटलं पाहिजे."

"मृणाल, असं बोलू नकोस."

"मला कुणी नाही म्हणायच्या आधी मीच नाही म्हणते. तेवढं तरी माझ्या हातात राहू दे."

"तू बरी होणार आहेस. मग जाऊ. मी येतो."

"तू येतोस?" तू माझ्याकडे असं बघितलंस की मी नजर खाली केली. "माझ्या आजारावर दया म्हणून नको येऊस, माधव."

दया नव्हती ती. पण काय होतं तेही मला तेव्हा सांगता आलं नाही. तू अर्ज मागे घेतलास की तू बरी होणार नाहीस हे आपण दोघांनी सही करून मान्य केल्यासारखं होईल, असं मला वाटत होतं. हे मोठ्याने म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी नुसतं "नको, नको" म्हणत राहिलो. शेवटी तू कंटाळून म्हणालीस, "बरं, राहू दे. पडू दे तिथे." आणि तो राहिला. आपण त्यावर पुन्हा बोललो नाही. तू माझ्यासाठी ठेवलास की तुलाही मनातून तो ठेवायचाच होता, हे आता कुणाला विचारू?

पहिले काही महिने औषधाने खरंच गुण आला. तू घरून काम करायला लागलीस. केस गेले तर जयम्माने तुला आपली लोकरीची टोपी दिली. बंगळूरच्या उन्हात ती घालून तू ड्रॉइंग तपासायचीस आणि ऑफिसातल्या नव्या पोरांना फोनवरून झापायचीस. मला तेव्हा वाटलं, झालं, निभावलं. मग पुढची तपासणी झाली आणि 'लवकर' हा शब्द डॉक्टरांनी पुन्हा उच्चारला नाही.

तुझा तो पूल त्याच सुमारास सुरू झाला. तुझ्या तिकडच्या सहकाऱ्याने व्हिडिओ पाठवला. तू हॉस्पिटलच्या खाटेवर होतीस, सलाइन चालू होतं. उन्हात चमकणारी नदी, पुलावरून चालणारी माणसं, सायकलवरची मुलं, एक म्हातारा कुत्र्याला घेऊन मधोमध थांबलेला. मला वाटलं तू रडशील. तू फोन डोळ्यांजवळ नेलास आणि रागावून म्हणालीस, "रेलिंगचा रंग बदलला त्यांनी. मी राखाडी दिला होता." मग परत सुरुवातीपासून लावलास. नर्सला दाखवलास, जेवण घेऊन आलेल्या बाईला दाखवलास. त्या बाईने विचारलं, "मॅडम, हे कुठे आहे?" तू म्हणालीस, "लांब आहे." एवढंच.

मला त्या बाईला सांगायचं होतं की हे हिने केलंय. की त्या म्हाताऱ्याला, त्या कुत्र्याला, त्या मुलांना माहीत नाही, पण त्यांच्या पायाखाली ही आहे. मला त्या म्हाताऱ्याला फोन करायचा होता, मृणाल. वेड्यासारखं वाटतंय ना? नदी ओलांडून तो रोज जाईल, आणि जिने त्याला पलीकडे नेलं तिला फुप्फुसाच्या एका डागापायी अलीकडेच थांबवलं. मी कुणावर चिडू? तिकडच्या नियमावर? नियमानेच तर डाग दाखवला. डॉक्टरांवर? त्यांनी जीव तोडून केलं. देवावर चिडायची मला सवय नाही. राग घेऊन मी फिरत होतो आणि तो टेकवायला जागाच नव्हती.

शेवटच्या आठवड्यात एकदा, दुपारी, खोलीत आपण दोघंच होतो. तू विचारलंस, "खरं सांग. मी बरी असते तर आला असतास?"

"आलो असतो."

"खोटं," तू म्हणालीस. डोळे मिटलेले होते आणि ओठांवर हसू होतं.

मला खरंच माहीत नाही, मृणाल. आलो असतो का? आनेकलची नोकरी सोडून, आईला सोडून? तिथे काय केलं असतं मी? पण तू विमानात चढली असतीस आणि मी इथे राहिलो असतो, असंही डोळ्यांपुढे येत नाही. या प्रश्नाचं उत्तर तिथे पोचल्यावरच कळलं असतं. आता ते कुणालाच कळणार नाही.

आज त्यांचं उत्तर आलं. फार सभ्य लिहिलंय. दुःखात सहभागी आहोत, आणि मुख्य अर्जदार हयात नसल्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्यांचा अर्ज पुढे नेता येत नाही. वाचून वाटलं, बरोबरच आहे. तुझ्यावर अवलंबून असलेल्यांना पुढे कसं जायचं ते आम्हाला तरी कुठे कळतंय?

ईराने तो मजकूर वाचला आणि लॅपटॉप मिटला. तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची निवड उद्यापर्यंत द्यायची आहे, म्हणून मीच विचारलं, "कोणती ब्रँच ठरवलीस?"

"सिव्हिल," ती म्हणाली. "आणि डिग्री झाली, थोडं काम झालं की मी तिकडे जाणार, अप्पा. माझ्या स्वतःच्या पॉइंटांवर."

मी मान हलवली.

"तू काहीतरी म्हण ना. आई असती तर तू नको म्हणाला असतास, ती जाऊ दे म्हणाली असती, आणि तुमचं दोन तास चाललं असतं. मला वैताग यायचा त्याचा. पण त्यातूनच मला कळायचं काय करायचं ते. आता नुसती मान हलवतोस."

म्हणून मी बोललो. म्हटलं आधी तुझी बाजू सांगून टाकावी, मग माझी सांगू. तिला सांगितलं, तुझी आई लग्न करून पुण्याहून इकडे आली तेव्हा आजोबा फार चिडले होते. त्या निपाणीच्या मुलाबरोबर बंगळूरला जाऊन काय करणार, तिथे आपलं कोण आहे, म्हणत होते. आई त्यांना म्हणाली होती, आपली माणसं आधीपासून कुठेच नसतात बाबा, करावी लागतात. आजोबा स्टेशनवर आले नाहीत. इथे आल्यावर तिला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. भाजीवाल्याकडे बोटं दाखवून भाजी घ्यायची. जयम्माशी पहिले सहा महिने नुसती हसायची. आणि वर्षाने तेच आजोबा इकडे आले, आपल्याच गच्चीवर बसले आणि म्हणाले, "मृणाल, तू त्या दिवशी माझं ऐकलं असतंस तर बरं झालं नसतं." तुझ्या बाबांचं हे वाक्य तू मला किती वेळा ऐकवलंस. मी नेहमी विषय बदलायचो. आज ते मीच म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझा आवाज तुझ्यासारखा चढत गेला. जायचं असेल तर जावं, म्हटलं. मागे राहणाऱ्यांचा विचार करून कुणी थांबलं असतं तर ईरा, तू जन्मालाच आली नसतीस.

ईरा डोळे पुसत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बरं. आता तुझी बाजू सांग."

माझी बाजू मला तोंडपाठ आहे. इतकी वर्षं मी तीच तर सांगत आलो. मी तोंड उघडलं. ती वाट बघत होती. खालून जयम्माच्या टीव्हीचा आवाज येत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की ईरा, तू तरी जाऊ नकोस. पण मी जे आत्ता बोललो होतो त्याच्यापुढे ते वाक्य उभं राहीना.

मग लॅपटॉप पुन्हा उघडून तिने सिव्हिल भरलं.

इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी तुझ्या बाजूने भांडलो, मृणाल, आणि समोरून नाही म्हणायला कुणी नव्हतं.